न लागलेलं दही

दही लागलं नाही हे ताईला झाकण काढायच्या आधीच कळलं. लागलेलं दही भांडं उचलताना हाताला गप्प लागतं. हे आत डुचमळत होतं. तिने झाकण काढलं. वर साय होती आणि खाली दूध, काल संध्याकाळी विरजण लावून ठेवलं होतं तसंच. बोट बुडवून चाखलं तर आंबटपणाचं नाव नाही. नासलंही नव्हतं. नासलं असतं तर निदान भांड्याला बोल लावता आला असता.

कपाटातली सगळी भांडी तिने एकेक करून उचलून पाहिली. सगळ्यांची तीच तऱ्हा.

ताई दही लावून विकायची. घराची मागची खोली त्यासाठीच होती: छतापर्यंत पांढऱ्या फरशा, दोन मोठ्या शेगड्या आणि एक लाकडी कपाट. त्यात ऊब राहावी म्हणून खाली दिवा लावलेला असे. हा धंदा वडिलांचा. त्यांनी जाताना वाटणी केली नव्हती, ती आपोआप झाली. गाई धाकट्या भावाकडे गेल्या आणि भांडी ताईकडे राहिली. मिशा पांढऱ्या झाल्या तरी गल्लीत त्याला धाकटाच म्हणत. थोरला कोणी नव्हताच, थोरली होती. रस्त्याच्या पलीकडे त्याचा गोठा. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्याकडून दूध यायचं आणि दुसऱ्या दिवशी ताईचं दही कोपऱ्यावरच्या बेकरीत, खानावळीत आणि आसपासच्या घरांत जायचं. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलत नव्हतं आणि दोघंही तसं कधी बोलून दाखवत नव्हते.

त्या दिवशी ताईने विरजणाला दोष दिला. विरजण म्हातारं झालं असेल म्हणून शेजारणीकडून नवं आणलं, दूध पुन्हा तापवलं, कोमट झाल्यावर बोटाने दोनदा पारखलं आणि लावलं. सकाळी पुन्हा तेच. एखाद्याच्या उत्साहावर विरजण पडतं असं म्हणतात. इथे विरजणावरच काहीतरी पडलं होतं. खानावळवाल्याने कपाळाला आठी घातली आणि दही दुसरीकडून घेतो म्हणाला. बेकरीवाला भला माणूस. तो म्हणाला, न लागलेलं दूध तरी द्या, गोड पावात घालतो, वाया कशाला घालवता.

दुसऱ्यांदा दही लागलं नाही तेव्हा मात्र ताईच्या मनात जे यायचं ते आलं.

दुधाच्या धंद्यातल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं की ते औषध दुधातही उतरतं आणि असं दूध विरजलं तर लागत नाही. कारण दही लावतात तेही जंतूच. आपल्या कामाचे, पण जंतूच. औषध त्यांना ओळख विचारत बसत नाही. म्हणून इंजेक्शन चालू असेतो आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तोवर त्या गाईचं दूध ओतून द्यायचं असतं. आणि धाकट्याच्या गोठ्यात तांबडी आजारी होती. तिच्या कासेला दगडी झाली होती. एक सड सुजून टणक झाला होता आणि त्यातून दुधाऐवजी पाणी आणि गुठळ्या येत होत्या.

ताई रस्ता ओलांडून गोठ्यात गेली. धाकटा तांबडीच्या कुशीला उकिडवा बसून सुजलेल्या सडाला लवंगेचं तेल चोळत होता. त्या तेलाच्या वासाने पहिल्या दिवशी ताईचं नाक चुरचुरलं होतं. आता वास गोठ्याचाच झाला होता, शेणाचा असतो तसा, आणि तिला तो जाणवतही नव्हता.

या तेलामागे एक हकिकत होती. आदल्या वर्षी पांढरीला असाच आजार झाला होता. धाकट्याने स्वतःच औषधाच्या दुकानातून इंजेक्शनं आणून टोचली. सूज उतरली की थांबवायची, चढली की पुन्हा टोचायची, असं चाललं. शेवटी गुरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं तोवर कुठलंच औषध लागू पडेना. डॉक्टरबाईंनी त्याला चांगलं सुनावलं. अर्ध्यावर सोडलेल्या औषधाने जंतू मरत नाहीत, सरावतात, असं त्या म्हणाल्या. पांढरीची कास कायमची गेली आणि पांढरीही गेली. धाकट्याने ते जिवाला लावून घेतलं. पण डॉक्टरबाईंच्या बोलण्यातून त्याने स्वतःपुरता एकच अर्थ काढला, की औषधं आता कुचकामी झाली आहेत.

मग त्याला शाळेतला एक मित्र भेटला. तो पाना-कळ्यांना वाफ देऊन त्यांचं तेल काढायचा आणि साबणवाल्यांना विकायचा. लवंगेच्या तेलाने जंतू दुबळे होतात, यावर बऱ्याच ठिकाणी अभ्यास चालू आहे, औषधासोबत वापरून बघायला हरकत नाही, असं तो सरळपणे बोलला होता. मित्राने ‘औषधासोबत’ म्हटलं. धाकट्याने ‘औषधाऐवजी’ ऐकलं.

ताईने फार लांबण लावली नाही.

“तांबडीला इंजेक्शन दिलंस?”

“नाही.”

“दिलं असशील तर सांग. मी रागावणार नाही.”

“रागावणार नाही असं तू म्हणतेस ना ताई, तेव्हा तू आधीच रागावलेली असतेस.”

“दोन वेळा दही लागलं नाही. दूध तुझं आहे.”

“दूध माझं आहे, पण इंजेक्शन दिलेलं नाही. तिचा तो सड मी वेगळा पिळून टाकून देतो. बाकीचं दूध निर्मळ आहे. फक्त तेल लावतोय, बघतेस ना?”

जे बोलायला नको होतं ते ताई तेव्हा बोलली. मागे एकदा दिलं होतंस आणि गप्प बसला होतास, असं म्हणाली. ते खरं होतं आणि त्यालाही कित्येक वर्षं झाली होती. धाकटा उठला, तेलाचे हात फडक्याला पुसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “मग दूध दुसरीकडून घे.”

तिनेही घेतलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका दूधवाल्याकडून कॅन मागवला. दही असं लागलं की चमचा उभा राहावा. म्हणजे विरजण ठीक, भांडी ठीक, कपाट ठीक. खोट भावाच्या दुधातच होती. ताईला समाधान वाटायला हवं होतं. उलट जेवण गेलं नाही.

भाऊ-बहिणीचं बोलणं बंद झालं. मध्ये भावजय अडकली. ती बिचारी दोन्हीकडे जायची आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायची. तिकडचं बोलणं इकडे आणताना ती त्यात इतकं पाणी घालायची, की तेवढं कोणा दूधवाल्याने दुधात घातलं नसेल. धाकटा म्हणाला असेल, ‘तिला म्हणावं, माझ्या दाराशी येऊ नको.’ भावजय सांगायची, “ते म्हणत होते, ताईंना उन्हाचं यायला लावू नका.” ताई ते ऐकून हसायची नाही, पण तिला मूळ वाक्य कळायचं.

तरी मनातून शंका जाईना. धाकटा तापट होता, हट्टी होता, पण मान वर करून ‘नाही’ म्हणाला की ते बहुधा नाहीच असायचं. मागच्या वेळीसुद्धा तो खोटं बोलला नव्हता, नुसता गप्प राहिला होता. ताईने भावजयीकडून तांब्याभर दूध मागून घेतलं आणि दूध संकलन केंद्रावर गेली. तिथली मुलगी ओळखीची होती. तिने कागदाची पट्टी दुधात बुडवली आणि थोड्या वेळाने रेघा बघून सांगितलं, यात औषध नाही. ताई म्हणाली, पुन्हा बघ. तिने पुन्हा बघितलं. नाहीच.

परतताना ताई रोजच्या रस्त्याने न येता मागच्या बोळातून आली, कारण रोजचा रस्ता गोठ्यावरून जात होता. चूक कळणं एक आणि ती कबूल करणं दुसरं. मधला पल्ला ती आज काही पार करू शकत नव्हती. शिवाय इंजेक्शन नाही हे कळलं, तरी दही का लागत नाही हे कुठे कळलं होतं?

ते बेकरीवाल्यामुळे कळलं. तो एका दुपारी आला तो खाली मान घालूनच. म्हणाला, “ताई, तक्रार करायला आलो नाही. पण तुमच्या त्या दुधाचे गोड पाव केले, तर पीठ नीट फुगलंच नाही. आणि लोक म्हणतात, पावाला दाताच्या दवाखान्याचा वास येतोय.”

“कसला?”

“दाढ दुखते तेव्हा डॉक्टर बोळा ठेवतात ना, तसला.”

ताई खुर्चीवर बसली. दाढेच्या बोळ्याला कसला वास असतो ते सांगायची गरज नव्हती. ती मागच्या खोलीत गेली आणि धुऊन पालथ्या घातलेल्या धाकट्याच्या कॅनमध्ये तिने डोकं घातलं. आधी काहीच आलं नाही. मग ती अंगणात जाऊन मोकळ्या हवेत थोडी थांबली, नाक शिंकरलं आणि पुन्हा हुंगलं. आता आला. लवंगेचा वास, तिखट आणि गोडसर, कॅनच्या तळातून.

धाकटा चारा आणायला गेल्याचं बघून तिने गोठा गाठला आणि भावजयीला विचारलं, हे तेल तो कुठे कुठे लावतो? भावजयीने सांगितलं, तांबडीला तर लावतातच. पण बाकीच्यांना हा आजार होऊ नये म्हणून धार काढायच्या आधी सगळ्याच गाईंच्या सडांना लावतात, हातालाही चोळतात. आणि कॅन विसळायच्या शेवटच्या पाण्यात चांगलं ओततात.

“कॅनमध्ये कशाला?”

“जंतू मरतात म्हणे.”

“कुठले जंतू?”

भावजय जरा विचारात पडली. “ते काही सांगितलं नाही,” ती म्हणाली.

ताईला आता अंदाज आला होता, पण एकदा अंदाजाने बोलून तिने जीभ भाजून घेतली होती. म्हणून या वेळी खात्री करायची ठरवली. संध्याकाळी भावजयीने एका गाईची कास साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुतली, पुसली, हात धुतले आणि ताईच्या घरच्या भांड्यात धार काढली. ताईने ते दूध तापवून दोन वाट्यांत ओतलं. दोन्हींत सारखंच विरजण घातलं. एका वाटीत लवंगेच्या तेलाचे काही थेंब टाकले, ढवळलं आणि दोन्ही वाट्या शेजारी शेजारी कपाटात ठेवल्या.

सकाळी एका वाटीत दही होतं. घट्ट, वरून गुळगुळीत, भावाच्याच गाईचं. दुसऱ्या वाटीत दूध.

दोन्ही वाट्या घेऊन ताई सरळ रस्त्याने गोठ्यावर गेली. धाकटा फाटकाशीच उभा होता. तिला बघून तो आत वळणार, तेवढ्यात ती म्हणाली, “थांब. तू खरं बोलत होतास. माझं चुकलं.”

साठीच्या घरात येईपर्यंत बहिणीकडून हे वाक्य त्याने ऐकलं नव्हतं. तो नुसताच कॅनची कडी हलवत राहिला. मग ताईने वाट्या पुढे केल्या आणि सगळं सांगितलं: पट्टी, पाव, कॅन, भावजयीने काढलेली धार, तेलाचे थेंब.

धाकट्याने न लागलेल्या दुधाची वाटी हातात घेतली, कलती करून बघितली, वास घेतला. आणि त्याचा चेहरा उजळला.

“म्हणजे मारतं ते! ताई, तेल खरंच मारतं!”

ताईला हसावं की रडावं कळेना. तिच्या धंद्याचे बारा वाजले होते आणि हा वाटी अशी धरून उभा होता जशी काही स्पर्धेत मिळाली आहे. पण त्याचा आनंद खोटा नव्हता. इतके दिवस तो ज्याच्यावर विश्वास ठेवून होता त्याचा पुरावा त्याला पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होता, मग तो बहिणीच्या नुकसानीतून का असेना.

तेवढ्यात ताईची नजर त्याच्या मागे गेली. तांबडी मान खाली घालून उभी होती. पुढ्यातला चारा तसाच पडलेला. ताई जवळ गेली, कासेला हात लावला आणि झटकन काढून घेतला. कास तापली होती आणि आजारी सडाचा भाग दगडासारखा लागत होता. तांबडीने पाय उचलला, पण लाथ मारण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. वरून कातडीही लालभडक होऊन सोलवटली होती.

“हिने कधीपासून खाल्लं नाही?”

“कालपासून,” धाकटा म्हणाला.

“तेल मारतं ना? माझ्या वाटीतले मारले. मग हिच्या कासेतले का मरत नाहीत?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. धाकट्याने हातातल्या वाटीकडे बघितलं, मग तांबडीकडे.

“वाटीत ते दुधात मिसळतं,” तो शेवटी म्हणाला. “इथे मी वरून लावतोय. आत पोचत नाही.”

“मग आत पोचेल ते दे.”

“डॉक्टरबाईंना कुठल्या तोंडाने बोलावू? मागच्या वेळी चार माणसांत त्यांनी माझी लाज काढली.”

“तुझ्या तोंडाने नको. माझ्या तोंडाने बोलावते,” ताई म्हणाली आणि तिने तिथूनच फोन लावला.

डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. रबरी बूट चढवले, हात धुतले, तांबडीचा ताप बघितला. काहीही द्यायच्या आधी त्यांनी आजारी सड स्पिरिटने पुसून त्यातलं थोडं पाणी एका छोट्या नळीत घेतलं. हे प्रयोगशाळेत जाईल, कोणते जंतू आहेत आणि कोणत्या औषधाने मरतात ते कळेल, असं त्या म्हणाल्या. पण गाय तोवर थांबणार नाही, म्हणून त्यांनी एक इंजेक्शन दिलं, दुखणं कमी होण्यासाठी दुसरं दिलं आणि सडात औषधाची नळी सोडली.

धाकटा खांबाला टेकून बोलणी खायची तयारी करून उभा होता. डॉक्टरबाईंनी तेलाची बाटली मागितली, हुंगली आणि विचारलं, यात काय मिसळून लावता? काहीच नाही, असंच लावतो, तो म्हणाला. त्यांनी सोललेल्या कातडीकडे बोट केलं. नुसतं तेल असं भाजतं, निदान साध्या तेलात भरपूर पातळ करायला हवं होतं, हे त्यांनी सांगितलं ते न रागावता. मग ताईने वाट्यांची गोष्ट सांगितली. डॉक्टरबाईंनी ती सबंध ऐकून घेतली आणि दोन्ही वाट्याही बघितल्या.

“यात खोटं काही नाही,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “प्रयोगशाळेतल्या बशीत अशी तेलं जंतूंना खिळखिळं करतात, काही वेळा औषधाला हातभारही लावतात. पण बशी वेगळी आणि गाय वेगळी. कासेच्या आत तेल किती न्यायचं, कसं न्यायचं, ते मला आज माहीत नाही. माहीत नाही ते मी तुमच्या गाईवर करून बघणार नाही.”

“मग तेल फेकून देऊ?”

“फेकू कशाला? तांबडीची कातडी बरी होईपर्यंत तिला नको. बाकीच्यांना पातळ करून, धार काढून झाल्यावर, वरून लावा. पुढच्या धारेआधी धुऊन पुसून टाकायचं. कॅनमध्ये थेंबही नको. आणि इंजेक्शनं मी सांगेन तोवर. सूज उतरली तरी.”

शेवटचं वाक्य त्या थांबून बोलल्या. धाकट्याने मान हलवली. पांढरीचं नाव कोणीच काढलं नाही.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. प्रयोगशाळेचा निरोप आला तेव्हा डॉक्टरबाईंना औषध बदलावं लागलं. आजारी सड दिवसातून अनेकदा पिळून रिकामा करायचा, निघेल ते जंतुनाशक घातलेल्या डब्यात घ्यायचं आणि लांब खड्ड्यात टाकायचं. तांबडीचं बाकीचं दूधही ओतून द्यायचं होतं. चुकून कोणी ते कॅनमध्ये मिसळू नये म्हणून धाकट्याने तिच्या मागच्या पायाला लाल फडकं बांधलं. तिची धार सगळ्यांत शेवटी काढायची आणि प्रत्येक गाईनंतर हात धुवायचे, असा नियम त्याने स्वतःवर लादून घेतला आणि भावजयीवर त्याहून कडक लादला. ताई संध्याकाळी भांडी आवरून झाली की गोठ्यात येऊन बसायची. तांबडीच्या तोंडापुढे कोवळा चारा धरायची. तिने खाल्लं तर ठीक, नाही तर नुसतीच मान खाजवायची. दूध ओतताना बघणं दोघांनाही जड जायचं. तरी धाकटा ते स्वतः ओतायचा, भावजयीला करू द्यायचा नाही.

ताप उतरला. तांबडी रवंथ करायला लागली, आणि ते बघून धाकटा गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उगाचच दावी गुंडाळत बसला. कासेचा ताठा हळूहळू गेला. बाकीचे तीन सड धड राहिले. चौथा, आजारी सड मात्र सुधारला नाही. तो आटत गेला आणि एके दिवशी डॉक्टरबाई तो दाबून म्हणाल्या, यात आता दूध यायचं नाही, पण गाय वाचली. उशीर झाला म्हणून सड गेला का, हे धाकट्याने विचारलं. कदाचित, त्या म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि त्यानेही तो मागितला नव्हता.

बाकीच्या गाईंना मात्र त्यानंतर दगडी झाली नाही. धाकटा पातळ केलेलं तेल रोज लावत होता, धारेनंतर, आणि धारेआधी धूतही होता. हे तेलामुळे झालं, की हात धुण्यामुळे, की तांबडीला शेवटी ठेवल्यामुळे, हे कोणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मलाही सांगता येणार नाही, तेव्हा सगळंच चालू ठेवा.

बाकीच्या गाईंचं दूध त्याने ताईकडे पुन्हा पाठवायचं ठरवलं तेव्हा ते भावजयीबरोबर पाठवलं नाही. स्वतः कॅन उचलून आला आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. ताईने झाकण काढून आधी वास घेतला. त्याने कॅन तिच्याकडे कलता केला. तिने चमचाभर चाखलं. मग ती म्हणाली, चहा टाकलाय, आणि तो आत येऊन बसला. गोठ्याच्या छपराचा एक पत्रा सैल झाला होता, तो पावसाच्या आधी बदलायचा की नंतर, यावर त्यांनी तासभर वाद घातला. भावजय दारात येऊन बघून गेली. निरोप पोचवायचं काम संपलं म्हणून तिला हायसं वाटलं असावं.

दोनेक महिन्यांनी तेलवाला मित्र गोठ्यात आला. ताई तेव्हा तिथेच होती. तांबडीची खबर त्याच्या कानावर गेली होती, अर्थात अर्धीच. त्याने तांबडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि जरा संकोचाने विचारलं, माझ्या तेलाने तुझी गाय बरी झाली असं मी गिऱ्हाइकांना सांगितलं तर चालेल का? फोटोही काढला असता. वाईट माणूस नव्हता तो. धंदा बेताचाच होता आणि अशा एका गोष्टीने चार बाटल्या जास्त खपतात हे त्याला ठाऊक होतं.

ताईला वाटलं, धाकटा हो म्हणेल. मैत्री जुनी होती आणि मुळात तेलाची बाजू सगळ्यांत जोरात मांडली होती ती त्यानेच.

“नको,” धाकटा म्हणाला. “ती इंजेक्शनाने वाचली. आधी नुसतं तेल चोळत बसलो म्हणून तिचा एक सड गेला. ते ऐकून दुसरा कोणी माझ्यासारखाच बसून राहील.”

मित्र ओशाळला. मी तुला नुसतं तेल लाव असं म्हणालो नव्हतो, असं तो हळूच बोलला.

“नव्हतास. तू बरोबर सांगितलं होतंस, मीच कानात बोळे घालून ऐकलं.” धाकटा हसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तेल तुझं जोरदार आहे, त्यात शंका नाही. आमच्या ताईचं दही बंद पाडलं त्याने. तिला अडवणं वडिलांनासुद्धा जमलं नव्हतं. हवं तर हे सांग लोकांना.”

“सांगू नकोस रे बाबा,” ताई म्हणाली. “आत्ता कुठे खानावळवाला परत आलाय.”

तिघंही हसली. मित्राने दोन नव्या बाटल्या पिशवीतून काढून खिडकीत ठेवल्या, पण त्याला एका साबणवाल्याकडे जायचं होतं म्हणून चहाला थांबला नाही. धाकट्याने बाटल्या उचलून औषधांच्या फळीवर नेऊन ठेवल्या, झाकणं घट्ट आहेत ना ते बघितलं आणि बादली घेऊन हात धुवायला नळाकडे गेला. धारेची वेळ झाली होती.